ड्यूक घराण्याचे दान आणि सिगारेटचा अर्धा सांगितलेला इतिहास

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहॅम शहरात ड्यूक विद्यापीठ आहे. त्याच्या प्रार्थनामंदिरासमोर जेम्स बुकॅनन ड्यूक यांचा ब्राँझचा पुतळा उभा असून त्याच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताच्या बोटांत चिरूट आहे. याच विद्यापीठाने १ जुलै २०२० पासून आपल्या आवारात सिगारेट-चिरुटांच्या धूम्रपानाला मनाई केली. विद्यापीठाच्या रुग्णालयात फुप्फुसाच्या कर्करोगावर उपचार होतात, त्याच्या प्रयोगशाळांत निकोटिनच्या व्यसनावर संशोधन चालते, आणि हे सारे ज्या संपत्तीच्या पायावर उभे राहिले तिचा उगम सिगारेटच्या कारखान्यात आहे. अशा घराण्याचे, त्याच्या नावाचे आणि त्याच्या दानाचे समाजाने नेमके काय करावे?

या प्रश्नाला सहसा दोन ठरावीक उत्तरे मिळतात. घराण्याने कमावले ते समाजाला परत केले, तेव्हा जुने उगाळण्यात अर्थ नाही, हे पहिले. पैसाच विषारी होता, म्हणून नाव पुसून टाकावे, हे दुसरे. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, कारण पैसा कशातून आला आणि कशावर खर्च झाला एवढेच ती पाहतात. तो कोणत्या रीतीने मिळवला गेला, याची चौकशी दोघेही करत नाहीत. तंबाखू ड्यूकांच्या आधीही विकली जात होती आणि त्यांच्यानंतरही विकली गेली. ड्यूकांचे काम वेगळे होते. मागणीपेक्षा कितीतरी पट माल काढणारी व्यवस्था त्यांनी आधी उभी केली आणि मग त्या मालासाठी गिऱ्हाईक घडवले. घराण्याची जबाबदारी या कृतीशी बांधलेली आहे आणि दानाचा आकडा कितीही मोठा असला तरी त्याने तिचे माप घेता येत नाही, असे माझे म्हणणे आहे.

घराण्याची कथा नेहमी १८६५ पासून सुरू केली जाते. वॉशिंग्टन ड्यूक हे डरहॅमजवळचे मध्यम ऐपतीचे शेतकरी होते. यादवी युद्धाच्या अखेरच्या काळात ते दक्षिणेकडील फुटीर राज्यांच्या सैन्यात सक्तीने भरती झाले, पकडले गेले आणि सुटकेनंतर न्यू बर्न बंदरापासून सव्वाशे मैलांहून अधिक वाट तुडवत घरी परतले. तेव्हा त्यांच्या खिशात पन्नास सेंट होते, असे सांगतात. पत्नी युद्धाआधीच वारली होती आणि मुले लहान होती. सैनिकांच्या लुटीतून जी थोडी तंबाखू वाचली होती ती त्यांनी मुलांना हाताशी धरून काठ्यांनी झोडपली, चाळली, पिशव्यांत भरली आणि गाडीत घालून गावोगाव विकली. शेतावरचे ते घर आणि सुरुवातीच्या कारखान्याची लहानशी लाकडी खोली आज राज्य सरकारने संग्रहालय म्हणून जपली आहे. या कथेतले कष्ट खरे आहेत आणि ते नाकारण्याचे काही कारण नाही.

तरीही ही कथा अपुरी आहे. १८५५ साली वॉशिंग्टन ड्यूक यांनी कॅरोलाइन नावाची एक गुलाम स्त्री ६०१ डॉलरना विकत घेतल्याची नोंद आहे. युद्धापूर्वी या घराची एका माणसावर मालकी होती, ही गोष्ट पन्नास सेंटपासून सुरू होणाऱ्या कथेत बसत नाही, म्हणून ती दीर्घकाळ बाहेरच राहिली. आणखी एक नाव असेच बाहेर राहिले. डरहॅमच्या उत्तरेला कॅसवेल परगण्यात स्लेड नावाच्या जमीनदाराच्या शेतावर स्टीफन नावाचा गुलाम तंबाखू वाळवण्याच्या कोठारातली आग सांभाळत असे. १८३९ साली एका रात्री त्याचा डोळा लागला आणि आग विझत आली. जाग आल्यावर त्याने घाईघाईने लोहारकामाचा कोळसा आणून निखाऱ्यांवर टाकला. त्या एकदम चढलेल्या कोरड्या उष्णतेत पाने तपकिरी न होता पिवळीधमक झाली. पुढे कोठारात पत्र्याच्या नळ्यांतून उष्णता फिरवण्याची पद्धत रूढ झाली आणि हे पिवळे पान, म्हणजे ब्राइट लीफ, नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनियाच्या हलक्या जमिनीचे मुख्य पीक बनले.

या पानाचे महत्त्व केवळ रंगात नव्हते. उष्णतेने झटपट वाळलेल्या पानात साखर टिकून राहते आणि त्याचा धूर किंचित आम्लधर्मी होतो. जुन्या पद्धतीच्या काळ्या तंबाखूचा धूर घशाला इतका झोंबतो की, माणूस तो तोंडातूनच सोडून देतो. पिवळ्या पानाचा धूर मात्र छातीत ओढता येतो, आणि छातीत गेलेले निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. सिगारेट चिरुटापेक्षा किंवा पाइपपेक्षा अधिक घट्ट पकड का घेते आणि फुप्फुसाचे इतके नुकसान का करते, याचे मोठे कारण येथे आहे. ड्यूकांच्या संपत्तीच्या मुळाशी एका गुलामाच्या हातून लागलेला हा शोध आहे, आणि त्या शोधाचा छदामही त्याच्याकडे गेला नाही.

१८८० च्या सुमारास डरहॅममध्ये ड्यूकांपेक्षा मोठा कारखाना होता, तो ‘बुल डरहॅम’ तंबाखूचा. त्या बैलाच्या चित्राची ओळख इतकी दूरवर पसरली होती की, पाइपच्या तंबाखूत त्याच्याशी स्पर्धा करून उपयोग नाही, हे वॉशिंग्टन ड्यूक यांचा धाकटा मुलगा जेम्स, ज्याला सगळे बक म्हणत, याने ओळखले. १८८१ साली ड्यूकांनी सिगारेट बनवायला घेतली. सिगारेट तेव्हा हाताने वळत आणि तो कारागिरीचा धंदा होता. न्यूयॉर्कहून ज्यू कारागीर आणले गेले. त्यांतले बरेच जण रशियन साम्राज्यातून अमेरिकेत आलेले होते. कसलेला कारागीर मिनिटाला चारेक सिगारेट वळी, दहा तासांच्या पाळीत दोन-अडीच हजार.

व्हर्जिनियाच्या जेम्स बॉनसॅक या तरुणाने याच सुमारास सिगारेट वळणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. कागदाच्या अखंड पट्टीवर तंबाखूची सलग धार पडे, पट्टी गुंडाळली जाऊन तिची लांबच लांब नळी होई, काठ चिकटवला जाई आणि फिरते पाते त्या नळीचे सारखे तुकडे पाडी. यंत्र नीट चालले तर दहा तासांत १ लाख २० हजार सिगारेट निघत. रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर या बड्या कंपनीने अशा यंत्रासाठी ७५,००० डॉलरचे बक्षीस लावले होते, पण प्रत्यक्ष यंत्र हाती आल्यावर तिने ते बाजूला ठेवले. एक तर ते वारंवार बिघडे. शिवाय लोकांना हातानेच वळलेली सिगारेट हवी असते, अशी त्या काळची समजूत होती. ड्यूकांनी यंत्र भाड्याने घेतले, विल्यम ओब्रायन या मेकॅनिकला त्याच्यामागे बसवले, आणि ३० एप्रिल १८८४ रोजी ते पूर्ण पाळी न थांबता चालले. १८८५ साली त्यांनी बॉनसॅक कंपनीशी गुप्त करार केला: ड्यूकांना द्यावे लागणारे स्वामित्वशुल्क इतर कोणत्याही कारखानदारापेक्षा पंचवीस टक्क्यांनी कमी राहील. यंत्र सर्वांना मिळत होते, पण सर्वांत स्वस्तात एकालाच. हाताने सिगारेट वळून पोट भरणाऱ्या कारागिरांचे काम थोड्याच वर्षांत गेले.

येथे एक साधा हिशोब मांडावा लागतो. १८८० साली संपूर्ण अमेरिकेत सुमारे ५० कोटी सिगारेट तयार होत होत्या. बॉनसॅकचे एक यंत्र वर्षात तीनशे दिवस चालले तर ३ कोटी ६० लाख सिगारेट काढते. म्हणजे चौदा-पंधरा यंत्रांत साऱ्या देशाची त्या वेळची गरज भागत होती. ज्याच्या कारखान्यात अशी यंत्रे ओळीने लागली, त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: यंत्रे बंद ठेवणे किंवा ओढणारी माणसे वाढवणे. ड्यूकांनी दुसरी वाट धरली. १८८३ साली संसदेने सिगारेटवरचा कर हजारी पावणेदोन डॉलरवरून पन्नास सेंटवर आणला, तेव्हा त्यांनी दहा सिगारेटच्या पाकिटाची किंमत दहा सेंटवरून पाच सेंट केली, म्हणजे ती कोणत्याही पोराच्या खिशाला परवडेल अशी झाली. १८८९ साली त्यांचा जाहिरातीचा खर्च ८ लाख डॉलरच्या घरात गेला. पाकिटात घातलेल्या चित्रकार्डांवर नट्या, राजे, सेनापती, खेळाडू असत. कार्डांचा संच पूर्ण करण्यासाठी मुले पाकिटामागून पाकीट मिळवीत.

या जाहिरातींबद्दल घरातच मतभेद होते, आणि त्याचा पुरावा एका पत्रात आहे. १८९४ साली हॉकट नावाच्या पाद्र्याने वॉशिंग्टन ड्यूक यांना लिहिले की, सिगारेटबरोबर वाटली जाणारी कमी कपड्यांतल्या स्त्रियांची चित्रे तरुणांना बिघडवत आहेत. म्हाताऱ्या वडिलांनी ते पत्र आपल्या मुलाकडे धाडले आणि सोबत स्वतः लिहिले की, या पाद्र्याचे म्हणणे आपल्याला पटते, अशी जाहिरात तरुण मुलामुलींवर वाईट परिणाम करते असे आपले पहिल्यापासूनचे मत आहे, आणि ती थांबवली पाहिजे. ‘त्या काळी कोणाला काय ठाऊक होते’ असे म्हणून घराण्याची सुटका करणाऱ्यांनी हे पत्र अवश्य वाचावे. कर्करोगाचे ज्ञान तेव्हा नव्हते, हे मान्य. पण आपला माल कोवळ्या वयाच्या मुलांपर्यंत पोहोचवण्यासाठी काय केले जात आहे, हे घरात ठाऊक होते, आणि ते चुकीचे आहे असे घरातला सर्वांत वडीलधारा माणूस लेखी सांगत होता.

पुढची पायरी मक्तेदारीची. १८९० साली बक ड्यूक यांनी चार प्रतिस्पर्ध्यांना एकत्र आणून अमेरिकन टोबॅको कंपनी स्थापन केली. भांडवल अडीच कोटी डॉलर, आणि देशातल्या सिगारेटच्या धंद्यापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास हिस्सा पहिल्या दिवसापासून हातात. नंतर चघळण्याची तंबाखू, तपकीर, पाइपची तंबाखू हे धंदेही एकामागून एक गिळले गेले; ‘बुल डरहॅम’सुद्धा त्यांच्याच ताब्यात आले. प्रतिस्पर्धी विक्रेते उरले नाहीत, तसे शेतकऱ्याची तंबाखू घेणारे दुसरे खरेदीदारही उरले नाहीत, आणि याची झळ सर्वांत आधी शेतकऱ्याला बसली.

केंटकी आणि टेनेसी राज्यांच्या सामाईक सीमेच्या पश्चिम भागात काळ्या तंबाखूचा मुलूख आहे. त्याला ब्लॅक पॅच म्हणतात. तेथे ट्रस्टच्या, म्हणजे ड्यूकांच्या या मक्तेदार कंपनीच्या, आणि परदेशी खरेदीदारांच्या दलालांनी गावे आपसांत वाटून घेतली होती. एका शेतकऱ्याच्या दारात एकच दलाल येई आणि तो सांगेल तो भाव. लागवडीचा खर्चही निघेनासा झाला. २४ सप्टेंबर १९०४ रोजी गथ्री या गावी हजारो शेतकरी जमले आणि त्यांनी माल एकत्र साठवून एकत्र विकण्यासाठी संघ स्थापन केला. ट्रस्टने संघाबाहेरच्या शेतकऱ्याला जास्त भाव देऊन तो फोडायला सुरुवात केली, तेव्हा संघातल्या काहींनी रात्री तोंडावर फडकी बांधून घोड्यांवरून छापे घालायला घेतले. बाहेरच्यांच्या रोपवाटिका उखडल्या, कोठारे पेटवली. ७ डिसेंबर १९०७ च्या पहाटे त्यांनी हॉपकिन्सव्हिल शहर ताब्यात घेऊन तंबाखूच्या वखारी जाळल्या. या टोळ्यांनी कृष्णवर्णीय कुटुंबांवरही अत्याचार केले, आणि भावासाठीच्या त्यांच्या लढ्याची न्याय्यता या कृत्यांना झाकू शकत नाही. परंतु साध्या गावांतली माणसे रात्री मशाली घेऊन बाहेर का पडली, याचे उत्तर न्यूयॉर्कमधल्या एका कार्यालयात ठरणाऱ्या भावात होते. ड्यूकांच्या गौरवग्रंथात दानाच्या प्रकरणांना जेवढी पाने मिळतात, त्याच्या चौथा हिस्सा तरी या शेतकऱ्यांना मिळायला हवा.

कारखान्याच्या आतही वाटणी ठरलेली होती. पानाची मधली शीर काढणे, पाने ओली करून मऊ करणे, पोती ओढणे ही धुळीने भरलेल्या, कोंदट जागेतली कामे कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांकडे. यंत्रावरची, तुलनेने स्वच्छ आणि अधिक मजुरीची कामे गोऱ्यांकडे. शीर काढणाऱ्या बायका दिवसभर बाकावर बसून तो बारीक धुरळा छातीत घेत आणि संध्याकाळी तोच धुरळा अंगावर घेऊन घरी जात.

२९ मे १९११ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा ट्रस्ट बेकायदा ठरवून तो मोडण्याचा आदेश दिला. त्यातून अमेरिकन टोबॅको, लिगेट अँड मायर्स, लॉरिलार्ड आणि आर. जे. रेनॉल्ड्स या चार मोठ्या कंपन्या उरल्या. हा निकाल शेतकऱ्यांच्या आणि छोट्या व्यापाऱ्यांच्या दृष्टीने आवश्यकच होता. लोकांच्या आरोग्याला मात्र त्याने काही फायदा झाला नाही, कारण तोवर साचा तयार झाला होता. आता एकाऐवजी चार कंपन्या तीच यंत्रे, तेच पान आणि तीच जाहिरातीची रीत घेऊन एकमेकींशी झगडू लागल्या; रेनॉल्ड्सने १९१३ साली ‘कॅमल’ बाजारात आणली आणि स्पर्धा अधिकच तीव्र झाली. १९६३ साली अमेरिकेत दर प्रौढ व्यक्तीमागे सिगारेटचा वार्षिक खप चार हजारांच्या पुढे गेला होता. त्याच्या पुढच्याच वर्षी, ११ जानेवारी १९६४ रोजी, सरकारच्या सर्जन जनरलने धूम्रपान हे फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण असल्याचा अहवाल प्रसिद्ध केला.

ड्यूकांची नजर अमेरिकेपुरती कधीच नव्हती. १९०१ साली ते इंग्लंडच्या बाजारात शिरले, तेव्हा तेथील कंपन्यांनी घाबरून इंपीरियल टोबॅको नावाची एकजूट केली. वर्षभराच्या भांडणानंतर तह झाला: अमेरिका एकाची, ब्रिटन दुसऱ्याचा आणि उरलेल्या जगासाठी १९०२ साली दोघांनी मिळून काढलेली ब्रिटिश-अमेरिकन टोबॅको ही कंपनी, जिचे अध्यक्ष बक ड्यूक. चीनच्या बाजारावर या कंपनीने अफाट पैसा ओतला. आपल्या देशात तिने १९१० साली कोलकात्यात इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली, गुंटूरच्या परिसरात व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूच्या लागवडीला चालना दिली, आणि त्याच कंपनीचे नाव १९७० साली इंडिया टोबॅको कंपनी व १९७४ साली आय.टी.सी. झाले. डरहॅमच्या शेतातून निघालेला हा धागा पानपट्टीवर सुटी सिगारेट मागणाऱ्या आपल्याकडच्या माणसापर्यंत थेट येतो, म्हणून ड्यूकांचा हिशोब हा केवळ अमेरिकेचा घरगुती विषय नाही.

आता दानाकडे वळू. ते खरे होते, मोठे होते आणि काही बाबतींत काळाच्या पुढे होते. पुढे ज्याचे ड्यूक विद्यापीठ झाले ते ट्रिनिटी कॉलेज १८९२ साली डरहॅमला आले ते वॉशिंग्टन ड्यूक यांनी दिलेल्या ८५,००० डॉलरमुळे आणि ‘बुल डरहॅम’चे ज्युलियन कार यांनी दिलेल्या जमिनीमुळे. १८९६ साली वॉशिंग्टन ड्यूक यांनी आणखी एक लाख डॉलर दिले, आणि अट घातली की, मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश मिळावा. १९०३ साली ट्रिनिटीतल्या जॉन स्पेन्सर बॅसेट या प्राध्यापकाने कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांची जाहीर स्तुती केली म्हणून त्याला काढून टाकण्याची हाकाटी झाली. विश्वस्तांनी १८ विरुद्ध ७ मतांनी त्याला ठेवले, आणि ड्यूक घराण्याचे वजन त्याच्या बाजूने पडले. डरहॅममधल्या कृष्णवर्णीयांसाठी १९०१ साली निघालेल्या लिंकन रुग्णालयाला याच घराण्याचा पैसा होता. डिसेंबर १९२४ मध्ये बक ड्यूक यांनी चार कोटी डॉलरचा ड्यूक एंडाउमेंट हा न्यास केला, ट्रिनिटीचे ड्यूक विद्यापीठ झाले, आणि दोन्ही कॅरोलायनांतल्या रुग्णालयांना गरीब रुग्णाच्या प्रत्येक मोफत खाटेमागे दिवसाला एक डॉलरपर्यंत मदत मिळू लागली. त्या काळातल्या खेड्यापाड्यांत या एका डॉलरने किती बाळंतिणी आणि किती मुले वाचली असतील, याची कल्पना करता येते. मी या दानाला ढोंग म्हणत नाही. बक यांचे थोरले भाऊ बेंजामिन ड्यूक यांच्यासारखा शांत माणूस आयुष्यभर ज्या आस्थेने शाळा, अनाथालये आणि रुग्णालये पाहत राहिला, त्या आस्थेवर शंका घेणे अन्यायाचे होईल.

माझा आक्षेप या दानाला प्रायश्चित्त म्हणण्यावर आहे. प्रायश्चित्तासाठी आधी दोष मान्य करावा लागतो, आणि ड्यूकांनी तंबाखूच्या धंद्यात दोष कधी मानलाच नाही. ते मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे श्रद्धाळू अनुयायी होते आणि देणे हा त्यांचा धर्म होता, एवढेच त्यामागचे कारण होते. दुसरे असे की, ज्यांचे देणे होते त्यांच्याकडे दान गेलेच नाही. ब्लॅक पॅचच्या शेतकऱ्यांची राज्ये न्यासाच्या कक्षेबाहेर होती. शीर काढणाऱ्या बायकांच्या मुलांना ड्यूक विद्यापीठाने १९६१ पर्यंत दारातच उभे केले नाही. पदवीपूर्व वर्गात पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आले ते १९६३ साली. सिगारेट ओढून मेलेल्यांचा प्रश्न तर कोणाच्या मनातही नव्हता. न्यासाचा बराच पैसा वीज कंपनीच्या समभागांतला होता, तंबाखूचा नव्हता, असा एक बचाव केला जातो. परंतु ती वीज कंपनी १९०५ च्या सुमारास तंबाखूच्या भांडवलावरच उभी राहिली होती, त्यामुळे हा बचाव पैशाला एक पायरी मागे ढकलतो, इतकेच.

उलट बाजूनेही न्याय केला पाहिजे. बक ड्यूक १९२५ साली वारले. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे निर्णायक अभ्यास १९५० पासून आले. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या शेकडो वर्तमानपत्रांत एक जाहिरात छापून तंबाखू कंपन्यांनी लोकांना जे खोटे आश्वासन दिले आणि पुढची चार दशके संशय पेरत राहिल्या, ती फसवणूक ड्यूक घराण्याच्या खात्यावर टाकता येणार नाही. जाणूनबुजून खोटे बोलणे आणि परिणामांची पर्वा न करता यंत्रणा उभारणे यांत नैतिक फरक आहे. पण दुसरी गोष्ट निर्दोष ठरत नाही. विसाव्या शतकात तंबाखूने जगभरात सुमारे दहा कोटी माणसे दगावली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतला फार मोठा वाटा यंत्राने वळलेल्या, छातीत ओढण्याजोग्या, जाहिरातीने घराघरांत नेलेल्या स्वस्त सिगारेटचा आहे. या चारही गोष्टी सर्वांत आधी एकत्र आणून त्यांचा धंदा बनवण्याचे काम ड्यूकांनी केले.

मग नाव काढावे का? ड्यूक विद्यापीठाने २०१७ साली प्रार्थनामंदिराच्या दारातला, यादवी युद्धातले दक्षिणेचे सेनापती जनरल रॉबर्ट ली यांचा पुतळा हटवला, आणि २०१८ साली एका इमारतीवरचे ज्युलियन कार यांचे नाव उतरवले, कारण कार हे वर्णवर्चस्वाचे उघड पुरस्कर्ते होते. ज्याने जमीन दिली त्याचे नावही पारखता येते, हे यातून सिद्ध झाले. तरीसुद्धा ड्यूकांचे नाव काढण्याच्या मी विरुद्ध आहे. नाव बदलल्याने पैसा बदलत नाही. संस्था त्याच ठेवींवर चालत राहील, फक्त त्या ठेवी कोठून आल्या हे विचारण्याचे निमित्त नाहीसे होईल. नाव राहिले तर विद्यार्थ्याला कधीतरी प्रश्न पडेल, आणि त्या प्रश्नाला त्याच आवारात पूर्ण उत्तर मिळाले पाहिजे: पन्नास सेंटच्या कथेशेजारी कॅरोलाइन आणि स्टीफन, विद्यापीठाच्या सनदेशेजारी १८९४ चे ते पत्र, देणग्यांच्या यादीशेजारी हॉपकिन्सव्हिलच्या जळालेल्या वखारी. संग्रहालयात एक कोपरा काढून हे भागणार नाही. विद्यापीठ आपला स्थापनेचा इतिहास जेथे जेथे सांगते, तेथे ते सारे एकत्र यायला हवे.

मात्र जुन्या, धंद्यापासून तुटलेल्या पैशाला मी जो न्याय लावतो तो आज चालू असलेल्या तंबाखूच्या पैशाला लावणार नाही. या दोहोंत गल्लत करणे हीच या वादातली सर्वांत हानिकारक चूक आहे. ड्यूक एंडाउमेंटच्या एका डॉलरने आज एकही सिगारेट विकली जात नाही. परंतु चालू तंबाखू कंपनीने बांधलेली शाळा, दिलेला पुरस्कार किंवा भरवलेला समारंभ हा तिच्या विक्रीचाच भाग असतो, कारण त्यातून ती प्रतिष्ठा आणि सरकारदरबारी प्रवेश विकत घेते. २००३ सालच्या तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय कराराने अशा प्रायोजकत्वाला बंदी घालण्याचे बंधन सदस्य देशांवर टाकले, ते यासाठीच. भारताने २००४ साली हा करार मंजूर केला; अमेरिकेने त्यावर सही केली, पण तो अजून मंजूर केलेला नाही, आणि सिगारेटचा जागतिक धंदा ज्या देशात घडला त्याच देशाने असे मागे राहावे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

आपल्याकडे तर देणगी घेण्याच्याही पुढचा प्रश्न आहे. सरकारी विमा कंपन्या सिगारेट कंपनीचे समभाग बाळगून आहेत, म्हणजे जे सरकार पाकिटावर कर्करोगाचे चित्र छापायला लावते तेच सरकार विक्री वाढली की लाभांश घेते. २०१७ साली याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, आणि ती करणाऱ्यांत तंबाखूजन्य कर्करोगाने घरचे माणूस गमावलेल्यांचा आणि त्या रोगावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा समावेश होता. त्यांचे म्हणणे मला शंभर टक्के पटते. विमाधारकाच्या हिताचा युक्तिवाद येथे टिकत नाही, कारण आयुर्विमा उतरवणाऱ्या संस्थेचे हित माणसे अधिक वर्षे जगण्यात असते. हे समभाग ठरावीक मुदतीत विकावेत, आणि तोवर मिळणारा लाभांश टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांत तोंडाच्या व फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी आणि व्यसनमुक्तीच्या केंद्रांसाठी बाजूला काढावा. ड्यूकांच्या न्यासाने जे कधी केले नाही, म्हणजे ज्यांचे नुकसान झाले त्यांच्याच हाती पैसा पोहोचवणे, ते निदान या रकमेपुरते तरी करता येईल.